लाभार्थी नव्हे, सभासद

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात 'लाभार्थी' हा शब्द अलीकडच्या काळात असा काही रुजला आहे की, 'नागरिक', 'कामगार', 'सभासद' ह्या जुन्या आणि मानाच्या शब्दांना त्याने हळूहळू बाजूस सारले आहे. सरकारी जाहिरातींत लाभार्थी, उद्योगसमूहांच्या सामाजिक निधीच्या अहवालांत लाभार्थी, आणि निवडणुका जवळ आल्या म्हणजे तर लाभार्थींचे मेळावेच. २०२४ साली राज्य शासनाने स्त्रियांच्या खात्यांवर दरमहा दीड हजार रुपये जमा करण्याची योजना सुरू केली, तेव्हा ह्या शब्दाचा जयघोष गावोगाव झाला. गरिबाच्या घरात दीड हजार रुपयांचे मोल काय असते, हे ज्यांनी गरिबी जवळून पाहिली आहे त्यांना सांगावयास नको. त्या पैशाची टवाळी करणे हा सुखवस्तूंचा छंद आहे. परंतु एक गोष्ट मात्र विसरता येणार नाही. लाभार्थीला मिळते ते कोणीतरी दिलेले असते; आणि जो देतो तोच किती द्यावयाचे, कोणाला द्यावयाचे आणि कधी थांबवावयाचे हेही ठरवितो.

सरकारबाबत जे खरे, ते तालुक्यातालुक्यांतून उभ्या राहिलेल्या प्रतिष्ठानांबाबतही खरे आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. २०१४ पासून ह्या पैशाचा ओघ सुरू झाला आणि 'फाउंडेशन' हा शब्द खेड्यातल्या माणसाच्याही तोंडी बसला. स्थानिक उद्योजक घडविणे, ओस पडू लागलेल्या गावांना पुन्हा जीव देणे, स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभे करणे अशी उद्दिष्टे ह्या संस्था सांगतात. उद्दिष्टे चांगलीच आहेत. प्रश्न आहे तो निराळा. अशा संस्थेचे नेतृत्व करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे? देणगीदार आणि गरजवंत ह्यांच्यामधला प्रामाणिक वाटप्या व्हावयाचे, की गरजवंताला धनी होण्यास साह्य करावयाचे?

ह्या प्रश्नाची चर्चा हवेत करण्यापेक्षा एका उदाहरणाच्या आधारे करणे बरे. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे एकाच नेतृत्वाखाली, शेजारीशेजारी, दोन संस्था वाढल्या. एक माण देशी फाउंडेशन आणि दुसरी माण देशी महिला सहकारी बँक. पहिली विश्वस्तांची, दुसरी सभासदांची. ह्या दोहोंतील फरक आणि दोहोंतील नाते समजून घेतले, तर वरील प्रश्नाचे उत्तर बरेचसे हाती लागते.

पर्जन्यछायेतला मुलूख

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास पडतो, आणि तोही पडलाच तर. ज्या जिल्ह्यात कोयनेचे धरण उभे राहिले त्याच जिल्ह्यातल्या स्त्रिया डोक्यावर हंडे घेऊन मैलमैल चालत राहिल्या. निसर्गाने केलेला अन्याय म्हणून हे सोडून देता येत नाही. पाणी कोठे अडवावयाचे आणि कोठे न्यावयाचे, हे निर्णय माणसांनी घेतलेले आहेत.

ह्या मुलखाला कर्तबगारीची वाण मात्र कधीच नव्हती. माणगंगेच्या काठची खिलार जनावरे, धनगरांची मेंढरे, म्हसवडची घोंगडी ही त्याची जुनी ओळख. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' ह्या पुस्तकाने १९४९ साली इथली माणसे मराठी वाचकाच्या घरी नेली. पोटासाठी घराबाहेर पडलेला इथला तरुण मुंबईच्या गिरणीत गेला, गोदीत हमाली करू लागला. आटपाडी, खानापूर, माण ह्या पट्ट्यातील कितीतरी तरुण सोने-चांदी गाळण्याचा धंदा शिकून भारतभर पसरले. आज दूरदूरच्या शहरांतील सराफ बाजारांत ह्या दुष्काळी गावांची माणसे गलाई व्यावसायिक म्हणून नावारूपाला आलेली आढळतात. तेव्हा 'इथे उद्योजक घडवावयाचे आहेत' असे जेव्हा एखादी संस्था म्हणते, तेव्हा तिने आधी हे ध्यानात घ्यावे की, ते येथे होतेच. त्यांना गाव सोडून जावे लागले, इतकेच. आणि ज्यांना गाव सोडता आले नाही त्या स्त्रियांच्या उद्योगाला कोणी उद्योग म्हटले नाही.

ह्या भागाला प्रयोगांची परंपराही आहे. आटपाडी आणि कुंडल हे औंध संस्थानाचे भाग. त्या संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसविली. त्याच राजाने १९३९ साली, गांधीजींच्या मार्गदर्शनाने, आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविणारी राज्यघटना स्वीकारली. एका बाजूला उद्योगाला आश्रय आणि दुसऱ्या बाजूला आश्रयदात्यानेच आपला अधिकार खाली उतरविणे, ह्या दोन्ही गोष्टी ह्याच मातीत घडल्या आहेत. आजच्या प्रतिष्ठानांनी पहिली गोष्ट उचलली आहे. दुसरीचा अभ्यास अजून व्हावयाचा आहे.

बँकेची जन्मकथा

चेतना गाला मुंबईच्या. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनी. जयप्रकाशांच्या चळवळीने ज्या पिढीला शहरातून उचलून खेड्यात नेले त्या पिढीतल्या. चळवळीतीलच विजय सिन्हा ह्यांच्याशी विवाह करून त्या १९८० नंतरच्या दशकात म्हसवडला आल्या आणि तेथेच राहिल्या. बँक काढावयाची असे ठरवून कोणी म्हसवडला जात नाही. बँकेची गरज त्यांना दाखविली ती रस्त्याच्या कडेला भाता आणि ऐरण मांडून लोहारकाम करणाऱ्या एका स्त्रीने. पावसाळ्यापूर्वी आपल्या पालावर प्लास्टिकचा कागद घालता यावा म्हणून तिला रोज थोडे पैसे साठवावयाचे होते. तिला कर्ज नको होते, अनुदान नको होते. स्वतःचे पैसे सुरक्षित ठेवण्यासाठी एक खाते हवे होते. आणि एवढ्या लहान रकमेचे खाते उघडावयास बँका तयार नव्हत्या.

हे घडले बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला पाव शतक उलटून गेल्यावर, हे लक्षात घेतले पाहिजे. जुलै १९६९ मध्ये चौदा बँका राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, १९७५ पासून प्रादेशिक ग्रामीण बँका निघाल्या. त्यापूर्वी, १९५४ साली, गोरवाला समितीच्या ग्रामीण पतपाहणीने दाखवून दिले होते की, शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा तीन टक्क्यांच्या आसपास आहे आणि बाकीचा बराचसा व्यवहार सावकाराच्या हाती आहे. पुढच्या चार दशकांत सहकार फोफावला, साखर कारखाने उभे राहिले, जिल्हा बँका गब्बर झाल्या. परंतु कर्जाला तारण लागते, तारणाला सातबारा लागतो, आणि सातबाऱ्यावर नाव लागते ते पुरुषाचे. सहकाराचे दार उघडे होते, पण उंबरठा सातबाऱ्याचा होता. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक देऊन घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करा असे सांगितले, ते ह्याच जागी बोट ठेवून.

म्हसवडच्या स्त्रियांनी सहकारी बँकेसाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला तो पहिल्या खेपेस नाकारला गेला. कारण असे की, प्रवर्तक सभासद निरक्षर आहेत. नियमाच्या दृष्टीने त्यात वावगे काही नसेल. परंतु ज्या राज्याने त्यांना शाळा दिली नाही त्याच राज्याची मध्यवर्ती बँक त्यांना शाळा न शिकल्याबद्दल अपात्र ठरवीत होती, हा विनोद कडवट होता. त्या स्त्रियांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले. दिवसभर राबून रात्री अक्षरे गिरविली. काही महिन्यांनी पुन्हा अर्ज केला आणि ह्या वेळी पंधरा जणी स्वतःच मुंबईला गेल्या. अधिकाऱ्यांना त्यांनी सांगितले की, कोणत्याही रकमेवरील व्याज आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या साहेबांनी यंत्राशिवाय ते करून दाखवावे. १९९७ साली बँक सुरू झाली.

ही कथा परदेशी व्यासपीठांवरून पुष्कळदा सांगितली गेली आहे आणि ऐकणाऱ्यांनी टाळ्याही दिल्या आहेत. पण तिच्यातला खरा अर्थ टाळ्यांच्या आवाजात हरवून जाऊ नये. परवाना मिळाला तो कोणाच्या तरी शिफारशीने नव्हे. नेतृत्व करणारी सुशिक्षित स्त्री पहिल्या नकाराने खचली, तेव्हा मार्ग काढला तो ज्यांना निरक्षर म्हणून नाकारले होते त्यांनी. त्या क्षणी कोण कोणाचे नेतृत्व करीत होते?

व्यवहारातून शिकलेले

बँकेच्या पुढच्या कारभारातही हेच दिसते. रोजंदारीवर जाणारी स्त्री बँकेच्या वेळात बँकेत येऊ शकत नाही. आली तर तिचा दिवस बुडतो. म्हणून बँक तिच्या दारी गेली. पुढे व्यवहार यंत्रावर आले तेव्हा खात्यासाठी गुप्त क्रमांक देण्याचे ठरत होते. एका सभासद स्त्रीने हरकत घेतली. आकडा कोणीही पाहील आणि चोरील, माझा अंगठा कोण चोरणार, असा तिचा सवाल होता. ज्या अंगठ्याला आजवर निरक्षरतेची खूण म्हणून हिणविले गेले, तोच तिने आपल्या मालमत्तेचे कुलूप म्हणून पुढे केला. कोणत्याही तज्ज्ञ समितीला जे सुचले नसते ते तिला सुचले. कारण चोरी आपल्याच घरात, आपल्याच माणसाकडून कशी होते हे तिला ठाऊक होते.

आठवडी बाजाराचे अर्थशास्त्र असेच. अनेक बाजारांत भाजीवाली सकाळी सावकाराकडून हजार रुपये उचलते आणि संध्याकाळी अकराशे परत करते. दिवसाला दहा टक्के. हा दर वर्षाला किती होतो ह्याचा हिशेब पदवीधरांनी बसून करावा. तरीही ती बाई धंदा करते, घर चालविते, मुले शिकविते. इतके व्याज सोसूनही जो धंदा तगतो, तो धंदा करणारी व्यक्ती कर्जाला अपात्र कशी? अशा स्त्रीला योग्य व्याजाने भांडवल मिळणे ही दया नाही. तिच्याकडून रोज लुटला जाणारा पैसा थांबविण्याचे ते काम आहे.

आता प्रतिष्ठानाकडे वळू. बँकेला जे कायद्याने करता येत नाही, किंवा जे तोट्याचे आहे, ते प्रतिष्ठानाने करावयाचे, अशी म्हसवडची विभागणी दिसते. २००६ साली ग्रामीण स्त्रियांसाठी 'उद्योगिनी' ही व्यवसायशाळा निघाली. पुढे ती मोटारगाडीत बसून गावोगाव जाऊ लागली. हिशेब ठेवणे, मालाची किंमत काढणे, नफा आणि मजुरी वेगळी करणे हे तेथे शिकविले जाते. शेळीपालन करणाऱ्या स्त्रियांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचे शिक्षण देण्यात आले. २००८ साली माण देशी तरंग ही सामूहिक नभोवाणी सुरू झाली. आणि २०१२-१३ च्या दुष्काळात, एक स्त्री चाऱ्यासाठी अंगावरचे दागिने गहाण ठेवावयास आली तेव्हा, बँक, शाळा आणि नभोवाणी असूनही जनावराच्या दावणीला वैरण नसेल तर ह्या सगळ्याचा उपयोग काय, असा प्रश्न उभा राहिला. त्यातून म्हसवडला जनावरांची छावणी उघडली आणि महिनोन्महिने चालली. हजारो जनावरे आणि त्यांच्याबरोबर त्यांचे धनी, बायकामुले तेथे राहिली. छावणी हा बँकेचा व्यवसाय नव्हे, व्यवसायशाळेच्या अभ्यासक्रमातही ती नव्हती. पण ज्या गावाचे पशुधन खाटकाकडे जाते त्या गावात उद्योगिनी कोठून उरणार? गावाचे पुनरुज्जीवन हा शब्द पोकळ होऊ द्यावयाचा नसेल, तर प्रतिष्ठानाने अशा वेळी ठरलेला कार्यक्रम बाजूला ठेवावयाचा असतो.

आक्षेप आणि त्यांतील तथ्य

समाजवादी वाचकाच्या मनात येथवर काही शंका उभ्या राहिल्याच असतील. त्या रास्त आहेत आणि त्या दडपून ठेवणे बरे नाही.

पहिली शंका माणसाविषयी. चळवळीतून आलेल्या कार्यकर्तीने बँक काढावी, मोठ्या कंपन्यांचा निधी घ्यावा, आणि जानेवारी २०१८ मध्ये दाव्होस येथील धनवंतांच्या जागतिक मंचाचे सहअध्यक्षपदही स्वीकारावे, हे कसे? त्या वर्षी त्या बैठकीच्या सर्व सहअध्यक्ष स्त्रियाच होत्या, आणि त्यांत म्हसवडची एक होती, ह्याचे कौतुक वृत्तपत्रांनी भरपूर केले. ह्या शंकेला उत्तर एवढेच की, माणूस कोणत्या व्यासपीठावर बसला ह्यापेक्षा तेथून उठून तो कोठे परतला हे पाहावे. डॉ. लोहियांनी फावडे, तुरुंग आणि मतपेटी ही तीन साधने समाजवाद्यांपुढे ठेवली होती. तुरुंगाची आणि मतपेटीची आठवण आपल्या लोकांनी राखली; फावडे मात्र कोपऱ्यात गंजत पडले. रचनात्मक काम म्हणजे संघर्षातून निवृत्ती, असा एक समज दृढ झाला. प्रेमा पुरव ह्यांनी १९७५ साली मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ काढून गिरणी कामगारांचे डबे रांधणाऱ्या खानावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली. त्या तर कम्युनिस्ट चळवळीत वाढलेल्या. इला भट्ट ह्यांची अहमदाबादची 'सेवा' बँक १९७४ ची, आणि ती निघाली कामगार चळवळीच्या पोटातून. ह्या कोणी संघर्ष सोडून बँकेकडे वळल्या नाहीत. सावकाराविरुद्धचा संघर्ष बँकेशिवाय पुरा होत नाही, हे त्यांना कळले होते.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे, आणि ती 'उद्योजिका' ह्या शब्दाविषयी आहे. चार शेळ्या पाळणाऱ्या, रस्त्यावर बांगड्या विकणाऱ्या बाईला उद्योजिका म्हटल्याने तिचा मान वाढतो खरा. पण त्याचबरोबर एक लबाडीही साधली जाते. तिला काम देण्याची जबाबदारी समाजाने आणि शासनाने झटकून टाकलेली असते. तिला नोकरी नाही, किमान वेतन नाही, आजारपणाची रजा नाही, म्हातारपणी निवृत्तिवेतन नाही. म्हणून ती धंदा करते. शेळी मेली तर तोटा तिचा, पाऊस आला नाही तर तोटा तिचा, आणि कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या दिवशी. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा करून काम मागण्याचा हक्क मान्य केला होता. हक्काची ती भाषा मागे पडून कर्जाची भाषा पुढे आली असेल, तर तिला प्रगती म्हणता येणार नाही.

आणि कर्जाची भाषा किती क्रूर होऊ शकते हे आंध्र प्रदेशाने दाखविले आहे. बांगलादेशच्या ग्रामीण बँकेला आणि तिच्या संस्थापकाला २००६ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि गरीब स्त्रियांना कर्ज देणे हा धंदा किफायतशीर आहे हे भांडवलाच्या ध्यानात आले. सूक्ष्मवित्त कंपन्या खेड्यापाड्यांत शिरल्या. एकीचे कर्ज फेडावयाला दुसरीचे, दुसरीचे फेडावयाला तिसरीचे. वसुलीचा जाच असह्य होऊन माणसांनी जीव दिले, तेव्हा ऑक्टोबर २०१० मध्ये आंध्र सरकारला वटहुकूम काढावा लागला. कर्ज घेणारी तीच स्त्री, रक्कमही तेवढीच. मग म्हसवडच्या बँकेत आणि त्या कंपन्यांत फरक कोणता? व्याजाच्या दराचा फरक असेलच, पण मुळातला फरक मालकीचा आहे. कंपनीत तिच्या कर्जावरचा नफा भागधारकाकडे जातो. सहकारी बँकेत ती स्वतः भागधारक असते, आणि भाग एक असो की शंभर, मत एकच.

तिसरी शंका शासनाविषयी. प्रतिष्ठानांनी छावण्या चालविल्या, बंधारे बांधले, शाळा काढल्या, तर शासन कशाला उरले? माणदेशाचा मूळ प्रश्न पाण्याचा आहे आणि तो कोणत्याही प्रतिष्ठानाच्या आवाक्यातला नाही. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी ह्यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीला दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या, हजारो माणसे त्यांत उतरली, आणि कृष्णेच्या पाण्यावर ह्या तालुक्यांचाही हक्क आहे हे सरकारला ऐकावे लागले. त्याच्याही आधी खानापूर तालुक्यात येरळेच्या काठी, भारत पाटणकरांसारख्या कार्यकर्त्यांच्या साथीने, शेतकऱ्यांनी बळिराजा धरण बांधले आणि पाणी जमिनीच्या प्रमाणात न वाटता माणशी समान वाटावे हा विचार मांडला. हे काम चळवळीनेच होऊ शकत होते. प्रतिष्ठानाची नभोवाणी, तिची शाळा, तिची बँक ही पाण्याच्या ह्या लढ्याला पूरक ठरली तरच त्यांचे सार्थक. लढ्याची जागा त्यांनी घेऊ नये, आणि सरकारनेही त्यांच्या आडोशाला लपू नये.

नेतृत्वाची कसोटी

येथे पुन्हा मूळ प्रश्नावर येऊ. सहकारी बँक आणि प्रतिष्ठान ह्यांची कायदेशीर घडणच निराळी. बँकेत वार्षिक सर्वसाधारण सभा असते, संचालक निवडून येतात, सभासद उभा राहून ताळेबंदावर प्रश्न विचारू शकतो. प्रतिष्ठानात विश्वस्त असतात. ते निवडून येत नाहीत, नेमले जातात. ते आपले हिशेब धर्मादाय आयुक्तांना सादर करतात, प्राप्तिकर खात्याला सादर करतात, देणगीदार कंपनीला तर रंगीत छायाचित्रांसह सादर करतात. ज्या बाईचे छायाचित्र त्यात असते, तिला मात्र तो अहवाल सादर करण्याचे बंधन कोणत्याही कायद्यात नाही.

ह्याचा अर्थ प्रतिष्ठाने वाईट आणि सहकार चांगला, असा सरळसोट लावता येणार नाही. महाराष्ट्राने सहकाराची दुर्दशाही पाहिली आहे. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांनी प्रवरेच्या काठी जे रोप लावले, त्याच्या छायेत पुढे साखरसम्राट बसले. सर्वसाधारण सभा पाच मिनिटांत 'मंजूर, मंजूर' म्हणून गुंडाळल्या गेल्या. कर्जदारांना मताचा अधिकार नसलेले नाममात्र सभासद करून ठेवण्याची युक्ती अनेक ठिकाणी रूढ झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा लाखो ठेवीदार आपल्याच पैशांसाठी रस्त्यावर उभे राहिले. सभासदाने डोळे मिटले की सहकाराचेही संस्थान होते.

उलट, विश्वस्तांची संस्था अडचणीत येते ती पैशाचा झरा आटला म्हणजे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला असा निधी देण्यास बंदी केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली. मोठ्या संस्थेकडून निधी घेऊन खेड्यात काम करणाऱ्या लहान संस्थांचा आधारच त्यामुळे तुटला. कंपन्यांचा निधी तर कंपनीच्या मर्जीचा. यंदा त्यांना शेळ्या हव्या, पुढच्या वर्षी संगणक. प्रतिष्ठानाचे नेतृत्व करणारी व्यक्ती मग वर्षातले कितीतरी महिने देणगीदारांच्या दारात घालविते, त्यांची भाषा बोलू लागते, आणि एके दिवशी तिला आपल्याच गावची भाषा परकी वाटू लागते. हा धोका व्यक्तीच्या चांगुलपणाने टळत नाही. त्यासाठी संस्थेच्या रचनेतच तजवीज असावी लागते.

ती तजवीज कोणती? स्थानिक प्रतिष्ठानाचे नेतृत्व करू पाहणाऱ्या कोणालाही, मग तो म्हसवडचा असो की मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याचा, चार प्रश्न विचारले पाहिजेत.

तुमच्या विश्वस्तांत, ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांच्यातले किती आहेत? शोभेची एक बाई व्यासपीठाच्या कडेला बसविल्याने हा प्रश्न सुटत नाही. कामाचा अग्रक्रम ठरविताना तिचा शब्द चालतो का, हे पाहावयाचे.

तुमचा वार्षिक हिशेब गावाच्या चावडीवर, मराठीत, मोठ्याने वाचला जातो का? कायदा सांगत नाही म्हणून करावयाचे नाही, असे थोडेच आहे? ज्या स्त्रिया रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांना व्याजाचे गणित घालू शकतात, त्यांना प्रतिष्ठानाचा ताळेबंद समजणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

तुमच्या शाळेत शिकलेल्या, तुमच्या साह्याने धंदा उभारलेल्या माणसांतून किती जण एखाद्या सहकारी संस्थेचे, संघाचे, संघटनेचे मतदार सभासद झाले? एकटी शेळीवाली बाजारात व्यापाऱ्यापुढे हतबल असते. शंभर शेळीवाल्या एकत्र आल्या तर भाव त्या सांगतात.

आणि शेवटचा प्रश्न: संस्थापक उद्या नसेल तर? महाराष्ट्रातील कितीतरी उत्तम संस्था संस्थापकाच्या नावाने वाढल्या आणि त्याच्यामागे कोमेजल्या. कारण त्याने अनुयायी जमविले, वारस जमविले, पण सहकारी घडविले नाहीत. चांगला पुढारी आपली जागा दुसऱ्यांना शिकवून ठेवतो.

ह्या चारही प्रश्नांची उत्तरे म्हसवडनेही देत राहिले पाहिजे. कीर्ती मोठी झाली म्हणजे प्रश्न विचारणारे कमी होतात आणि हार घालणारे वाढतात; संस्थेच्या आयुष्यातला तो सर्वांत नाजूक काळ. परंतु तेथे एक गोष्ट प्रारंभापासून घडली, आणि तीच अनुकरणीय आहे. प्रतिष्ठानाच्या शेजारी, लोकांच्या मालकीची, मताच्या अधिकारावर उभी असलेली संस्था उभारली गेली. दान जेथे संपते तेथून पुढे जाण्यासाठी वाट ठेवली गेली. ज्या तालुक्यांत नुसतीच प्रतिष्ठाने आहेत आणि अशी वाट नाही, तेथे दहा वर्षांनी काय उरते ह्याचा शोध त्या तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी स्वतः घ्यावा.

समाजवादी कार्यकर्त्यांवरही ह्यातून एक जबाबदारी येते. कंपन्यांच्या निधीवर टीका करणे सोपे आहे, आणि ती केलीही पाहिजे. पण तालुक्याच्या गावी एखादी पतसंस्था, ग्राहक भांडार, उत्पादक स्त्रियांचा संघ नेटाने चालविण्याचे, रोज संध्याकाळी रोकड मोजून वही मिटण्याचे कंटाळवाणे काम करावयास आपल्यातले किती जण तयार आहेत? ते काम आपण सोडले म्हणून ती जागा रिकामी राहिली, आणि रिकाम्या जागेत सावकार, साखरसम्राट आणि सूक्ष्मवित्ताचे वसुलीदार बसले. सर्वसाधारण सभेची नोटीस वाचणे, ताळेबंद समजावून सांगणे, नाममात्र सभासदाला मतदार सभासद करून घेणे हे आजच्या काळातले फावडे आहे. ते उचलावयास कोणाच्या निधीची वाट पाहावी लागत नाही. येत्या सर्वसाधारण सभांच्या हंगामात प्रत्येक तालुक्यात दहा सभासद जरी हातात ताळेबंद घेऊन उभे राहिले, तरी 'मंजूर, मंजूर'चा आवाज थोडा खाली येईल.